‘झावळी हलली’चा तिसरा भाग

"माका मार," सगुण म्हणाला. "ह्या टायमाक माका मारून टाक."

तालीम तिथंच थांबली. अविनाश वहीत बोट घालून त्याच्याकडे बघत राहिला. जत्रा चार दिवसांवर. देवळाच्या मंडपात ‘झावळी हलली’ नाटकाचा तिसरा भाग बसत होता. तिन्ही भाग अविनाशनं लिहिलेले, आणि तिन्ही भागांत खुनी सगुणच. शेवटी पोलीस गोळ्या घालतात, दिवे जातात, दिवे येतात, खुनी गायब. दरवेळी तसंच.

"खुनी मेलो तर चवथो भाग कसो काढू?"

"काढू नको."

"पाळयेपासून मोरजेपर्यंतची मानसां येतत रे. गोंयचां राज्य जावच्या आधी मराठी की कोंकणी, ह्या भाशेवरसून एकमेकांची तोंडां बघी नाय होते, ते तुझ्यासाठी एका चटयेर बसले."

"खुनी खंयच्याच भाशेत बोलणा नाय, म्हणान," परेश म्हणाला. त्याचं काम इन्स्पेक्टरचं.

सगुण हसला नाही. तो पायरीवर बसला. तो पाडेली. वाड्यावरचे नारळ वीस वर्षं तोच पाडायचा.

"गेल्या जत्रेपासून मी अंगणात गेलंय की दार लावतत," तो म्हणाला. "बायलो भितरसून सांगतत, नारळ अजून जावक नाय. वरसून सुके नारळ धपाधप पडतत, आणि सांगतत जावक नाय. आता सर्वण गावचो पाडेली येता."

चूक कुठं झाली ते अविनाशला माहीत होतं.

पहिल्या भागात खुनी दिसलाच नव्हता. काळोखात झावळी हलायची, नारळ धप्पकन पडायचा, आणि माणसं पाय वर घेऊन बसायची. अख्ख्या नाटकात एक खून, तोसुद्धा पडद्याआड. असं त्याला परत कधी जमलं नाही. पण नाटक संपल्यावर सगुणची बायको वत्सला रडत आली. सगळे पाव्हणे आले होते, आणि आमचा माणूस दिसलाच नाही. गावच्या नाटकात असं चालत नाही. म्हणून दुसऱ्या भागात अविनाशनं सगुणला काळोखातनं उजेडात आणलं. सात खून दिले. कपडे शिवायला नकोत म्हणून त्याची रोजची खाकी चड्डी, हातात त्याचीच कोयती. पाचव्या खुनाला लोक हसायला लागले. पण घरी जाताना सगुणचा चेहरा सोबत घेऊन गेले.

"दुसरो भाग वायट झालो," अविनाश म्हणाला. "चूक माझी."

"मी काम बरां केलंय."

"बरां केलंस."

"तांच वायट झालां."

मग सगुणच म्हणाला, "नायतर खुनी दुसरोच दाखव. शेवटाक कळांदे, इन्स्पेक्टरच खुनी."

"माका?" परेश उठून उभा राहिला. "माझां लगीन ठरताहा रे! चेडवाचो बापूस येतलो नाटक बघूक!"

आता मात्र सगळे हसले. सगुणसुद्धा. हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

अविनाशनं वहीचं शेवटचं पान फाडलं. बाजाच्या पेटीवर वही ठेवून उभ्या उभ्या नवीन लिहिलं. पाच ओळी. खुनी माडावर अर्ध्यात असतो. गोळी लागते. घसरत खाली येतो आणि परत उठत नाही. मरायच्या आधी बोलतो. तीन भागांत पहिल्यांदा.

"मराठीत लिवलंय," तो म्हणाला. "तू तुझ्या भाशेत बोल."

"आणि चवथो भाग?"

"नाय आता."

त्यानं फाडलेलं पान चुरगळून टाकलं. पहिल्या भागापासून त्याला माणसं ओळखायला लागली होती ती ह्याच नाटकामुळं.

पोफळीच्या खांबाला काथ्या गुंडाळून माड केला होता. सगुण त्यावर चढला. बाजूला खांबाशी कमलाक्षी देवाच्या वाती वळत बसली होती. तिचं घर वाड्याच्या टोकाला, अंगणात अकरा माड, नवरा लांब पाळी गावच्या खाणीवर, घरी फक्त आयताराला, म्हणजे रविवारी. पहिलं दार तिचंच लागलं होतं. ती वाती थांबवून बघायला लागली.

परेशनं लाकडी पिस्तूल उचललं, तोंडानंच "ठो" केलं.

सगुणचा एक हात सुटला. मग दुसरा. तो पायांनी काथ्या धरून लोंबकळला. काथ्या करकरत होता.

"माका खाली घेवा रे," तो म्हणाला. "खूप वेळ झालो. कोणतरी माका खाली घेवा."

कोणी पुढं झालं नाही. कुणीतरी पुढं व्हायचं असं वहीत नव्हतं. तो घसरत आला आणि आडवा पडला, तोंड उघडं, गाल लादीवर. बराच वेळ तसाच. परेशनं टोपी काढली, तेसुद्धा वहीत नव्हतं. कमलाक्षीनं पदर डोळ्यांना लावला.

"अरे, उठ आता," अविनाश शेवटी म्हणाला.

सगुण उठला. गुडघे झाडले. कमलाक्षीचे डोळे त्यानं बघितले होते. तो सरळ तिच्याकडे गेला आणि चार हात लांब थांबला.

"कमलाक्षी वयनी, उद्या सकाळी येव काय? तुमचे नारळ झाले असतले."

"झाले रे कधीचे," ती नाक ओढत म्हणाली. "किती बरां केलंस रे सगुणा. ये ना. कित्याक येवचस नाय?"

तिनं वातींचं ताट आपल्याकडे ओढलं.

"पण आयताराक ये हां. आयताराक हे घरात आसतत."