टाकीतली वस्ती

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीच्या दुष्काळात एक साहेब जीप घेऊन आमच्या वाडीत आले, सरजाबाईचा बंद पडलेला गोबरगॅस बघायला. आधी तिच्याच घरचं तांब्याभर पाणी प्यायले, मग टाकीत वाकून ओरडले, "बाई, शेणात पाणी का कालवत नाही? आत डोळ्याला न दिसणारे जीव आहेत, माणसाच्या कितीतरी आधीचे. तेच गॅस करतात. पाण्यावाचून मरतील ना बिचारे!"

"किती हायत?"

"कोट्यवधी!"

"तेवढं सही करून लिहून द्या."

साहेबांनी खुशीत लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सरजाबाईनं तो कागद तहसील कचेरीत कारकुनापुढं ठेवला. "वाडीत पाचशे डोकी न्हाईत म्हणून टँकर न्हाई म्हणलात. चाळीस कमी पडत हुती. घ्या, ही धरा."

कागद वाचून कारकून हसायलाच लागला. "अहो बाई, ही काय माणसं आहेत का?"

"न्हाईत की," सरजाबाई म्हणाली. "म्हणून तर सायबानं त्यांच्या पाण्याची चौकशी केली."