कंबरेचं माप

बायको आंघोळीला गेली तशी टेलरमास्तरांनी तिचा निळा ड्रेस उलटा केला आणि बाजूची शिवण उसवायला घेतली. हात सराईत होता. जुने दोरे ओढून काढले, शिवण काठाकडे सरकवली, टीप मारली, इस्त्री फिरवली आणि ड्रेस होता तसा हँगरला लावून टाकला. मग चहाचं आधण ठेवून असे उभे राहिले, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आत्ताच उठलाय.

मास्तरांचं दुकान खाली आणि घर वर. मशीन त्यांच्याकडे, काजं, बटणं, तुरपाई ही सगळी हातशिलाई बायकोकडे. मशीनला तिने कधी बोट लावलं नव्हतं.

हा उसवाउसवीचा उद्योग सुरू झाला तो डॉक्टरीणबाईंमुळे. बायकोला जिना चढताना धाप लागायची. बाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "पोटाचा घेर कमी करा. हृदयाला झेपत नाहीये."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. बायकोशिवाय त्यांना स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नसत. त्याच संध्याकाळी ते मोठ्या दुकानात गेले आणि ज्या ज्या पाकिटावर हिरवं पान छापलेलं दिसलं ते उचलून आणलं. बिनसाखरेची बिस्किटं, न तळलेल्या चिप्स, ओट्सचे बार, 'हलकं' सरबत. पथ्यावर एकटीच राहिली तर तिला वाईट वाटेल, म्हणून तेही तेच खाऊ लागले.

"घे गं अजून, यात काही नसतंच," असा वर आग्रह करायचे.

वजनकाट्याची बायकोला धास्ती होती. "माझे कपडेच सांगतील मला," ती म्हणायची. आणि एक दिवस कपड्यांनी सांगितलं. ड्रेस कमरेत अडकला. ती आरशासमोर उभी राहून मुसमुसून रडली. ते रडणं मास्तरांना बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप शिवण सैल केली. ड्रेस अंगात गेला, बायको हसली आणि मास्तरांच्या जिवात जीव आला. एकदाच म्हणून केलेली गोष्ट मग अंगवळणी पडली.

पण आज निळ्या ड्रेसमध्ये पुढे सोडायला कापडच उरलं नव्हतं. आणि बायको आता अर्ध्या जिन्यातच बसायला लागली होती.

मास्तरांनी मध्यंतरी एक पाकीट उलटून पाहिलं होतं. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत पाक, मैदा, तेल असं बरंच काही होतं. क्षणभर शंका आली. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? तेच सगळं ते स्वतः तिच्या बरोबरीने खात होते आणि पँटचा हूक पूर्वीसारखाच लागत होता. म्हणजे खाण्यात खोट नव्हती. पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरत होतं.

बायको वाळलेले कपडे घेऊन आली आणि घड्या घालायला बसली. मास्तरांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"एक सांगायचंय. तुझे कपडे तुला बसतात ना, ते मी उसवतो म्हणून."

आता आभाळ कोसळणार असं त्यांना वाटलं. बायकोचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे. तुमची टीप मला ओळखू येत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एवढ्या हौसेने पिशव्या भरभरून आणता. गुण येत नाही म्हटलं तर तुमचं तोंड एवढंसं होतं."

मास्तरांना भरून आलं. पण प्रश्न तिच्या जिवाचा होता. आज मागे हटायचं नाही असं त्यांनी ठरवलंच होतं.

"मग आता खरं काय ते सांग. चोरून काय खातेस?"

"मी?" तिने झटकन मान वर केली. डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही आणता त्याखेरीज घास नाही गेला हो पोटात."

"अगं, असं कसं होईल? तेच तर मीही खातो! माझं काही वाढलंय का? लग्नातली कंबर आहे अजून. खोटं वाटत असेल तर टेप लाव."

ढिगातून तिने मास्तरांची पँट ओढली, कंबरपट्टा मागच्या बाजूने उलटा केला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मधली शिवण पार काठापर्यंत सरकली होती, आणि तिथे मशीनची टीप नव्हतीच. हाताने घातलेले बारीक, एकसारखे टाके होते.