ठेवायला दिलेलं लाटणं

शेजारची सुंदरा पिशवी घेऊन आली तेव्हा भागीरथीमावशी डाळ निवडत होती. पिशवीत लाटणं, चिमटा आणि सुंदराच्या नवऱ्याचा, लोटूचा, पट्टा होता. मागं सुंदराची पोरगी जयश्री चौकटीला चिकटून उभी होती.

"मावशी, हे ठेव. पोरीलाही ठेव. तिच्या हातून डबा सांडला, आठवड्याचं रॉकेल गेलं."

"लोटूला कळलं?"

"कारखान्यातली पाळी सुटली की येतीलच." सुंदरानं पिशवी तिच्या पुढ्यात सरकवली. "कोणीही मागो, नको देजो. मी मागितलं तरी नको देजो."

नवरा तिलाच पाठवणार मागायला, दुसरं काय. भागीरथीनं पिशवी पेटीत टाकली. सुंदरा पोरीकडं न बघताच निघून गेली.

बमरोलीतल्या त्या चाळीमागं कापडाच्या लूमचा कारखाना दिवसरात्र खडखडायचा. भिंतीपलीकडं कोणी किंचाळलं तरी ऐकू यायचं नाही. पण वळ तर दिसतात ना. गेल्या महिन्यात पोरीच्या पोटरीवर दिसले होते. पडली, एवढंच सुंदरा म्हणाली होती.

सुंदराच्या मनगटावरचा डाग मात्र जुना. लहानपणी दूध उतू गेलं म्हणून बापानं तापलेली फुंकणी लावली होती. बापाच्या हातून सुटली नि असल्या नवऱ्याच्या हाती पडली. आगीतून फुफाट्यात. आणि मेला दिसतो कसा, गरीब गाय. भागीरथीला राग आला, आणि भीतीही वाटली.

जयश्री खाटेखाली शिरली होती. भाकरी दिली, ती तिनं तिथंच खाल्ली.

संध्याकाळी सायकल वाजली. लोटूनं आपल्या दाराला हात लावला. आतून कडी होती. तो वळला आणि सरळ इकडं आला. पेटीतलं लाटणं काढून भागीरथी दारात आडवी उभी राहिली.

"लाटणं तुझ्याकडं आहे का, मावशी?" त्यानं विचारलं.

"आहे. आणि मिळायचं नाही. पोरीला बोट लावलंस, तर ह्याच लाटण्यानं झोडपीन तुला."

लोटू खाली मान घालून पायरीवर बसला.

त्याचा आवाज ऐकून जयश्री खाटेखालून निघाली, भागीरथीच्या हाताखालून वाकून बाहेर गेली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, आधी तू जा," ती हळूच म्हणाली. "आईचा राग उतरला का बघ."