मुद्दाम थांबलेली होडी

"पाणवाटेच्या खुणेसाठी रोवलेल्या फांद्या डाव्या हाताला ठेव," असं येल्त्येने दोनदा बजावूनही वीबने पौर्णिमेच्या ऐन भरतीत शिडाची होडी चिखलात घातलीच. चाळीस वर्षं अख्ख्या फ्रीसलंडला बेटांमधल्या पाणवाटा शिकवणारा हा तिचा नवरा. तेवढ्यात त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याची होडी आली. "सर, रुतलात? दोर टाकू?" "छे रे, मुद्दाम थांबलोय. निवांत कॉफी प्यायचीये." विद्यार्थी पुढे गेला. येल्त्येने कॉफी ओतली, घरच्या रिवाजाप्रमाणे एकेकच बिस्किट काढून डब्याचं झाकण लावलं. "पुढच्या भरतीला सुटू," वीब म्हणाला. "आजचं उधाण होतं," येल्त्ये म्हणाली. " उद्यापासून पाणी कमीच चढणार. एवढं पुन्हा थेट अमावस्येला." वीबने धडपडत भोंगा उचलला आणि जिवाच्या आकांताने वाजवला. लांबून विद्यार्थ्यानेही भोंगा वाजवून आदराने हात हलवला. येल्त्येने नवऱ्याच्या हातातलं बिस्किट मोडून अर्धं डब्यात टाकलं. "हे उद्याचं."