अर्ध्या बोटाची अडचण

मोठी चाकं बसवली, स्प्रिंगा बदलून जीप चार बोटं उंच केली, आणि मग दादाच्या लक्षात आलं की हा उद्योग आपण गॅरेजच्या आत केलाय. टप दाराच्या चौकटीला अडला. डोंगरावर निघालेलं अख्खं घर डबे घेऊन अंगणात खोळंबलेलं. चाकांतली हवा काढली, तरी अर्धं बोट कमी पडलं. "मागे कुणीतरी वजनदार बसायला हवं," दादा पुटपुटला, आणि सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. तिलाच सकाळी त्यानं सुनावलं होतं, "एवढ्या उंच गाडीत तुला चढवणार कोण? तू घर सांभाळ." आत्या स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली, त्यावरून चढली आणि ऐसपैस बसली. जीप दबली, सुळकन बाहेर आली. "उतरतेस ना? स्टूल धरतो," दादा म्हणाला. आत्यानं पट्टा लावला. "डिकीत ठेव. डोंगरावर उतरायला लागेल."