जमतं का यांना?
गोदामात पोती वाहून हमालाची कंबर कायमची गेली होती. अपंगत्वाचा दावा तपासणाऱ्या डॉक्टरांनी वाळूची पेटी पुढे सरकवली. “झेपली तर उचला.” दातओठ खाऊन त्यानं उचलली. घाम फुटला, तरी हसून म्हणाला, “काहीच नाही हे!” डॉक्टरांनी विचारलं, “कपडे स्वतःच घालता?” “मी काय कुकुलं बाळ आहे?” शेजारी बसलेल्या बायकोनं मान खाली घातली. सकाळी तिनंच त्याचे पाय उचलून पँट चढवली होती. डॉक्टर तिच्याकडे वळले. “ताई, तुम्ही सांगा. खरंच जमतं यांना?” कुणापुढे हात न पसरणारा नवरा डोळ्यांनी अब्रूची भीक मागत होता. “जमतं,” ती म्हणाली. डॉक्टरांनी ‘कामास सक्षम’ लिहिलं, भरपाई बुडाली. जिना उतरताना त्यानं सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला. “उद्यापासून कामावर जातो.” ती म्हणाली, “आधी एवढी पायरी उतरू.”