चार वाजताची सही

अमरीन रोज कॉलेजातून ऑर्कुटवर कविता टाकायची आणि बरोबर चार वाजता ‘गोंडपिपरीकर’ नावाच्या कुणाचातरी चुकांनी भरलेला अभिप्राय यायचा. नावावरून हा आपल्या गोंडपिपरी गावातलाच टवाळ पोरगा आपल्यावर डोळा ठेवून आहे, असा तिला दाट संशय. ती सगळ्यांदेखत त्याच्या चुका काढायची. काल तर ‘आधी मराठी शिका’ म्हणून झापलं. आज मात्र तिने गावातला एकमेव सायबर कॅफे गाठला. “मोहसीनभाऊ, चारला इथी कोण बसते?” त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. रोज चारच्या ओळीत तिच्या शिंपी अब्बांची उर्दू सही! “तुह्या उत्तराची प्रिंटबी नेतात ते.” ती अब्बांच्या दुकानात धावली. अब्बा नमाजला गेले होते. शिलाई मशीनवर प्रिंटांचा गठ्ठा होता; तिने काढलेली प्रत्येक चूक मापं लिहायच्या पेन्सिलीने दहादा सुधारून गिरवलेली. कालच्या कागदावर, तिच्या फटकाऱ्याखाली, लिहिलं होतं: ‘शिकून राह्यलो.’